पिशवी शिवून देईन, स्लिंग नाही

जाड कापड शिवायला जोर लागतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सकाळी आमच्या मागच्या पडवीत येऊन बसावं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझ्या मनगटात कितीसा जोर असणार? तरी महिन्याला तीन-चार बाजारच्या पिशव्या आणि एखादी पाठीवरची सॅक इथून निघते. मशीन साधं, पायाचं. निवृत्तीनंतर जुन्या बाजारातून घेतलेलं. (सौ.नं स्वतःच्या मशीनला हात लावू दिला नाही. "ते ब्लाऊजचं मशीन आहे, ताडपत्रीचं नाही," असं पहिल्याच दिवशी सांगितलं. बरंच केलं.) त्याला मोटर मुद्दाम लावलेली नाही. चार पदर, सहा पदर एकत्र आले की पाय थांबवायचा आणि उजव्या हातानं चाक फिरवत एकेक टाका घालायचा. घाई केली की सुई मोडते, आणि मोडलेला तुकडा कुठं उडेल ते सांगता येत नाही. म्हणून शिवताना चष्मा डोळ्यांवरच असतो.

खरं काम सुई आणि दोरा करतात. ब्लाऊजला १४ नंबरची सुई पुरते, मी १८ नंबरची घालतो. पाकिटावर ११०/१८ असं छापलेलं असतं. त्यातला ११० म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग, म्हणजे ही सुई एक मिलिमीटरहून किंचित जाड. दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा आपल्या पावसाळ्यात कुजतो, आणि नायलॉनचा ताकदवान असला तरी सतत उन्हात राहिला तर पॉलिएस्टरपेक्षा लवकर मरतो. टाका मोठा ठेवायचा, साडेतीन-चार मिलिमीटरचा. बारीक टाके घातले की शिवण मजबूत होते ही समजूत चुकीची आहे. पोस्टाच्या तिकिटांचा ताव आठवा. भोकं जितकी जवळ, तितकं फाडायला सोपं!

आमच्या लहानपणी जाड शिवण म्हणजे दाभण आणि सुतळी. आडतीवर हमाल पोत्याची तोंडं शिवायचे ते मी तासन्‌तास बघत उभा राहायचो. दोन्ही टोकांना मूठभर तरट सोडून ते बांधून टाकायचे, पोतं उचलताना धरायला. ती मूठ कधी सुटलेली मी पाहिली नाही. कुठं धरणार, कुठं ओढ बसणार, हे त्या माणसाला शिवतानाच माहीत असायचं, कारण बहुतेक वेळा उचलणाराही तोच असायचा. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

शब्दांच्या मागं लागायची जुनी खोड आहे, म्हणून एवढं सांगून घेतो. कॅनव्हास हा शब्द कॅनबिसवरून आला आहे, म्हणजे भांगेच्या झाडावरून. पूर्वी जहाजांची शिडं त्या झाडाच्या धाग्याची विणत. आता आपल्याकडे मिळतो तो बहुतेक सुती. याच घट्ट विणीच्या कापडाला इंग्रजीत डक म्हणतात, त्याचा बदकाशी काही संबंध नाही. डच भाषेत कापडाला 'डूक' म्हणतात, त्याचं ते रूप. दुकानदार मात्र यातलं काही सांगत नाही, तो जीएसएम सांगतो. एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम भरतं तो आकडा. बाजाराच्या पिशवीला मी ३०० ते ३५० घेतो, सॅकच्या बुडाला ४०० च्या पुढचं. ५०० च्या वर गेलं की घरच्या मशीनचा जीव जातो, आणि पिशवी रिकामी असतानाच जड लागते.

स्वस्त पडते का, असं मला नेहमी विचारतात. नाही पडत. कापड, दोरा, पट्टी, बक्कल, पितळी रिंगा आणि माझा दीड दिवस. दिवसाचे पैसे धरले नाहीत तरी रस्त्यावरची सॅक त्याहून स्वस्तात मिळते. २०१८ साली जूनमध्ये आपल्या राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी लागू झाली तेव्हा आमच्या गल्लीत मला आठवडाभर मोठा मान होता. मग बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या, पण मुळात प्लॅस्टिकच्याच धाग्यांच्या पिशव्या आल्या आणि माझा मान गेला. असो.

मग शिवायचं कशाला? तर उसवता येतं म्हणून. विकतच्या सॅकची चेन बिघडली की बघा. नुसता रनर बदलायचा तर चेनचं टोक उघडावं लागतं, आणि ते टोक अस्तराच्या आत, अस्तर पट्टीच्या आत, पट्टी गोंदाखाली. दुरुस्तीवाला म्हणतो, काका, नवीन घ्या. मी शिवलेल्या सॅकला अस्तर नसतं. जीनच्या पँटला असते तशी, कडा एकमेकींत दुमडून दोन टिपा मारलेली शिवण असते. आतून-बाहेरून सगळं उघडं. कुठं झिजलं ते दिसतं, तेवढंच उसवायचं, ठिगळ लावायचं, परत टीप मारायची. माझ्याकडे एक पिशवी आहे, तिचं बूड दोनदा आणि बंद एकदा बदललेले आहेत. ती तीच पिशवी आहे का नवी, यावर सौ. आणि मी चहाच्या वेळी वाद घालतो.

छत्तीस वर्षं शाळेत काढली. मुलांची दप्तरं फाटतात ती एकाच जागी, खांद्याचा पट्टा जिथं पाठीला जोडलेला असतो तिथं. कापड धड, चेन धड, पट्टा धड, आणि जोड गेलेला. कारखान्यात ते पट्ट्याचं टोक बोटभर शिवणीत खुपसतात आणि वरून एक टीप मारतात. पोरगं मात्र पट्टा एका खांद्यावर टाकून पळतं, त्यामुळं प्रत्येक पावलाला तिथं हिसका बसतो. मी पट्टा शिवणीत सोडतच नाही. खाली बुडाखालून फिरवून आणतो, म्हणजे वजन कापडावर न येता पट्ट्यावरच बसतं. जिथं जोडायचाच असेल तिथं आतून दुसरं कापड लावून चौकोनी टीप मारतो आणि त्यात फुली.

ही ओढीच्या जागेची गोष्ट फार पूर्वी एका शिंप्याच्या बरोबर लक्षात आली होती. अमेरिकेत नेवाडातल्या रिनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी तंबू, गाड्यांची आच्छादनं, घोड्यांच्या झुली शिवायचा. १८७०-७१ च्या सुमारास एक बाई त्याच्याकडे आली. नवरा लाकूडतोड्या, पँटी टिकत नाहीत. डेव्हिसनं पांढऱ्या डकची पँट शिवली आणि झुलींचे पट्टे ठोकायला वापरायचा ते तांब्याचे रिव्हेट खिशांच्या कोपऱ्यांत ठोकून दिले. कापड जाड करायच्या भानगडीत तो पडला नाही, कोपरे तेवढे सांभाळले. पँटी खपायला लागल्या तेव्हा पेटंटच्या खर्चासाठी त्यानं ज्याच्याकडून कापड घ्यायचा त्या व्यापाऱ्याला भागीदार केलं. त्या व्यापाऱ्याचं नाव लेव्ही स्ट्रॉस. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळालं. आज जगभर पोरं ती पँट घालतात, आणि त्यातलं शिंप्याचं नाव कुणाला माहीत नाही.

आता मुद्द्यावर येतो. नातेवाइकांतले बरेच जण हे वाचतात, आणि त्यांच्यापैकी काहींनी गेल्या महिन्यात एकच बाजू ऐकली आहे.

माझ्या भाच्याचा मुलगा आणि त्याचे तीन मित्र पावसाळ्यात कर्जतच्या बाजूला धबधब्यांवर लोकांना दोरावरून खाली उतरवतात. पैसे घेऊन. शनिवार-रविवारी मुंबईहून मंडळी येतात, हेल्मेट घालतात, ओरडत खाली येतात, फोटो काढतात. धंद्याला माझा विरोध नाही, पोरं कष्टाळू आहेत. तर हा मुलगा एका रविवारी पट्टीचं वेटोळं घेऊन आला. नायलॉनची पट्टी, आपल्या जुन्या खाटांच्या नवारीसारखी पण घट्ट विणलेली. म्हणाला, "आजोबा, याच्या बारा स्लिंग शिवून द्या. दोन टोकं एकावर एक ठेवायची आणि तुम्ही सॅकच्या पट्ट्याला मारता तसा चौकोन आणि फुली."

स्लिंग म्हणजे पट्टीचं बंद कडं. एका बाजूनं ते झाडाला, खडकाला किंवा तिथं ठोकलेल्या खिळ्याला अडकवतात, दुसऱ्या बाजूनं त्यात कडी घालून दोर सोडतात. त्या दोरावर माणूस असतो.

मी नाही म्हणालो.

तो हुशार आहे, लगेच गप्प बसला नाही. म्हणाला, मागच्या वर्षी तुम्ही दिलेल्या सॅकचा पट्टा मी आंब्याला बांधून स्वतः लटकून पाहिला. अठ्ठ्याहत्तर किलो वजन, काही झालं नाही. वरून उड्याही मारल्या. मला आनंद झाला हे कशाला लपवू? शिवणाऱ्याला आपली शिवण टिकली हे ऐकून बरं वाटतंच. पण त्याच्या या प्रयोगानं एवढंच कळलं की कोरडा, नवा पट्टा एकदा टिकला. धबधब्यावर पट्टी दिवसभर ओली असते, आणि ओलं नायलॉन कोरड्यापेक्षा कमजोर असतं. खडकावर ती घासते, वाळू विणीत शिरते, मग ऊन लागतं. आणि लटकणं वेगळं, घसरून हिसका बसणं वेगळं. हाताच्या अंतरानं घसरलं तरी दोरावर येणारा ताण माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट होतो.

विकतच्या शिवलेल्या स्लिंगवर २२ केएन असा शिक्का असतो. युरोपातल्या नियमानं तेवढी ताकद असावीच लागते. आपल्या भाषेत सांगायचं तर सुमारे २,२०० किलो वजन टांगल्याइतका ताण. माणूस ऐंशी किलोचा आणि मागणी दोन टनांची. हा उधळेपणा वाटतो, पण झीज, ओल, ऊन, गाठ, हिसका, कडेवर घासणं हे सगळं त्यातूनच वजा व्हायचं असतं. तिथली शिवणही माझ्या चौकोन-फुलीसारखी नसते. यंत्र ठरलेल्या संख्येनं आडवे टाके खच्चून घालतं, आणि तयार मालातले नमुने तुटेपर्यंत ताणून पाहतात. शिवणीचा दोरा पुष्कळदा पट्टीहून वेगळ्या रंगाचा ठेवतात, झिजला तर डोळ्यांना दिसावा म्हणून. (ही युक्ती मला इतकी आवडली की आता खाकी पिशवीलाही मी लाल दोरा वापरतो.) माझी १८ नंबरची सुई पट्टीत भोकं पाडते. टाके वाढवले तर पट्टी कमजोर, कमी केले तर जोड कमजोर. पडवीत बसून हे गणित अंदाजानं सोडवायचं आणि त्याखाली कुणाला तरी उभं करायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

चार दिवसांनी भाच्याचा फोन. "मामा, पोराला एवढ्याशा कामाला नाही म्हणालात? बारा स्लिंगांना किती पैसे पडतात माहीत आहे? आणि शाळेत कार्यानुभवाच्या तासाला स्वावलंबन कोण शिकवत होतं?" शेवटचं जरा लागलं, कारण तो माझ्याच शाळेत होता. त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही, ते इथं देतो.

घरच्या शिवणकामाची परीक्षा वापरात होते. पिशवीचा बंद तुटतो, बटाटे रस्त्यावर पसरतात, चार लोक हसतात. घरी येऊन मी बघतो की कुठून सुटलं आणि पुढची पिशवी बदलतो. अशाच पिशव्या फाटत फाटत मला हे काम आलं आहे. तंबूवरचं कापड गळलं तर रात्र भिजण्यात जाते, पण सकाळी माणूस शाबूत असतो आणि शिवण कुठं चुकली ते त्याला कळलेलं असतं. स्लिंगमध्ये ही सोय नाही. ती फाटून शिकवत नाही. जिथं फाटल्यावर पुन्हा शिवायला बसता येत नाही, तिथं घरचा टाका नको, असं माझं मत आहे.

"अमेरिकेत लोक सगळं घरी शिवतात, आजोबा," असंही तो म्हणाला होता. खरं आहे. १९६६ साली कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये फ्रॉस्टलाइन नावाची कंपनी निघाली. ती जॅकेट, झोपायच्या पिशव्या, तंबू यांचं कापलेलं कापड पोस्टानं पाठवायची आणि लोक घरच्या मशीनवर ते शिवायचे. अशा गोष्टी शिवा की! मी कुठं नाही म्हणतो? रे जार्डिन म्हणून एक अमेरिकन गिर्यारोहक आहे, घरी शिवलेल्या हलक्या सॅकचा मोठा पुरस्कर्ता. याच माणसानं सत्तरच्या दशकात खडकाच्या फटीत अडकवायचं स्प्रिंगचं एक साधन शोधून काढलं, त्याला फ्रेंड्स म्हणतात. पहिले नमुने त्यानं हातानं बनवले आणि स्वतः त्यांच्या भरवशावर चढला. पण इतरांना विकायची वेळ आली तेव्हा ते इंग्लंडमधल्या वाइल्ड कंट्री या कंपनीत बनून १९७८ पासून बाजारात आले. माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. स्वतःच्या जिवावर प्रयोग करणं हा ज्याचा त्याचा प्रश्न. आडतीवरच्या हमालाचं मी मघाशी सांगितलं, शिवणारा आणि उचलणारा एकच. धबधब्यावर तसं नाही. तिथं लटकणारी मुलगी दादरहून आलेली असते, तिनं पैसे भरलेले असतात, आणि वरचं कडं कुणा म्हाताऱ्यानं पडवीत शिवलंय हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. सांगितलं तर ती उतरेल का? मी भाच्याला हे विचारलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही फार टोकाचं बोलता."

टोकाचं नाही. २३ ऑक्टोबर २००६ रोजी योसेमिटीमध्ये टॉड स्किनर हा नावाजलेला गिर्यारोहक दोरावरून उतरताना पडून गेला. त्याच्या कमरेच्या हार्नेसचं पट्टीचं कडं तुटलं. ते घरी शिवलेलं नव्हतं, कारखान्यातलं होतं, पण वापरून झिजलं होतं. त्याच्याइतका अनुभव आपल्या पोरांना नाही. कारखान्यातल्या वस्तूलाही वय असतं आणि ते कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. म्हणून मी त्या मुलाला उलट एक वही दिली. प्रत्येक स्लिंगला नंबर, खरेदीची तारीख, किती दिवस वापरली, कधी काढून टाकली. मास्तरकी गेली नाही म्हणा हवं तर.

आणि बारा स्लिंगांऐवजी मी त्यांना दोराच्या चार पिशव्या शिवून दिल्या, कापडाचे पैसेसुद्धा न घेता. दोर जमिनीवर पडला की चिखल, वाळू आणि लोकांचे बूट, तिन्ही त्याचं आयुष्य खातात. पिशवी हातभर उंच, तोंड रुंद, तळाला पितळी रिंग ठोकलेली दोन भोकं, पाणी निथळायला. दोराची गुंडाळी करून ठेवायची नाही, एक टोक तळाशी बांधून बाकीचा नुसता आत सोडत जायचा, म्हणजे बाहेर काढताना गुंता होत नाही. कापड आधी धुऊन वाळवून घेतलं, सुती कॅनव्हास पहिल्या पाण्यात आटतो म्हणून. यांना मेण लावलं नाही, पाणी आत-बाहेर व्हायलाच हवं.

पावसात वापरायच्या सॅकला मात्र मी मेण देतो. खरं तर घट्ट विणीचं सुती कापड भिजलं की धागे फुगतात आणि मधल्या फटी आपोआप बुजतात. जुने तंबू याच गुणावर उभे असत, फक्त आतून हात लावायचा नाही, लावला की तिथून झिरपायला लागतं. पण सॅक पाठीला घासतेच. म्हणून पॅराफिन आणि थोडं मधमाशीचं मेण एकत्र वितळवायचं. थेट गॅसवर नाही, पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून, कारण मेण पेट घेतं. ब्रशनं लावायचं आणि सुनेचा केस वाळवायचा पंखा मागून आणून त्याच्या झोतानं जिरवायचं. एप्रिल-मेमध्ये सॅक जरा चिकट लागते, त्याला इलाज नाही. नंतर ती साबणानं धुवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची.

कुणाला दोराच्या पिशवीची मापं हवी असतील तर कळवा, कागदावर काढून पाठवीन. कापड ज्याचं त्यानं आणावं. पुढच्या आठवड्यात मात्र जमणार नाही, सौ.ची दळणाची पिशवी दिवाळीपासून राहिली आहे. तिला चेन नको, नाडीच हवी. चेनच्या दातांत पीठ बसतं म्हणे.